पाचवीच्या कंपासपेटीतली चिठ्ठी

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. आमच्या शाळेत पाचवीची घटक चाचणी चालू होती, मराठीचा पेपर. शाळा उर्दू माध्यमाची, सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातली. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा सारखी कंपासपेटी उघडत होता. मराठीच्या पेपरला कंपासपेटीचं काय काम? जवळ गेलो तर पट्टीखाली चार घड्या घातलेली चिठ्ठी. उघडली आणि क्षणभर हसावं की रागवावं हेच कळेना. निबंध होता 'माझा आवडता सण', भाषा मराठी आणि लिपी उर्दू. शिकवणीत कुणी तरी सांगितलेला निबंध त्यानं उर्दू अक्षरांत उतरवून घेतला होता आणि पेपरात बसून एकेक शब्द देवनागरीत करत होता. कॉपी करण्यासाठी तो जेवढी मेहनत घेत होता तेवढ्यात चार ओळी स्वतःच्या लिहून झाल्या असत्या.

शेजारच्या वर्गावरचे सहकारी म्हणाले, "उद्या परिपाठाला उभा करा. सगळ्यांसमोर चिठ्ठी वाचायला लावा, बाकीचे सुधारतील." हा सल्ला नवा नाही. आमच्या लहानपणी आम्हीही परिपाठाला उभे राहिलेलो आहोत. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मुलाला शारीरिक शिक्षाच नव्हे, मानसिक त्रास देण्यालाही मनाई केली आहे, हे आम्ही शिक्षक लोक सोयीनं विसरतो. छडी गेली, पण जीभ राहिली.

आम्ही त्याला परिपाठाला उभं केलं नाही. मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाल्यावर शेजारी बसवलं आणि विचारलं, "बेटा, हे का करावंसं वाटलं?" तो बराच वेळ बुटाच्या टोकाकडे बघत होता. मग जे बोलला त्यानं आमची जीभ टाळ्याला चिकटली. तो म्हणाला, "सर, तिसरीत तुम्हीच तर फळ्यावर लिहून दिलं होतं."

त्याचं खरं होतं. ते सांगितल्याशिवाय हा लेख पुढे नेण्याचा आम्हाला हक्क नाही.

राज्यात २०२३-२४ पासून तिसरी ते आठवीच्या मुलांसाठी नियतकालिक चाचण्या सुरू झाल्या. पॅट म्हणून सगळे त्यांना ओळखतात. आधी पायाभूत चाचणी, मग संकलित एक आणि संकलित दोन. विषय प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. हेतू चांगला होता. मूल नेमकं कुठे अडलंय ते शिक्षकाला कळावं आणि त्याप्रमाणे त्यानं शिकवावं. या चाचणीत कुणी पास नाही, कुणी नापास नाही. डॉक्टर ताप मोजतो तसा हा प्रकार. पण गुण ऑनलाइन भरायचे, मग शाळाशाळांची टक्केवारी निघणार, बैठकीत कुणाची शाळा खाली आहे ते सर्वांसमोर वाचलं जाणार. आम्ही ताप मोजण्याऐवजी थर्मामीटरच थंड पाण्यात बुडवला. तिसरीच्या गणिताच्या पेपरात शेवटची पाच उदाहरणं फळ्यावर सोडवली आणि म्हणालो, "बघा रे, नीट उतरवून घ्या." हा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. त्यानं हात वर करून विचारलं होतं, "सर, हे चालतं का?" आम्ही म्हणालो, "चालतं, लिही." आम्ही ते विसरलो होतो. तो विसरला नव्हता.

आम्ही एकटेच असे नाही, असं म्हणून सुटका करून घेता आली असती. एकटे तर नाहीच. याच चाचण्यांच्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरं परीक्षेआधी यूट्यूबवर फिरल्याच्या बातम्या आपण वाचल्या. ज्या परीक्षेत नापास होण्याची भीती नाही तिचाही पेपर फुटतो, यावरून रोग मुलांमध्ये आहे की मोठ्यांमध्ये ते ज्यानं त्यानं ठरवावं. जून २०२४ मध्ये नीट प्रकरणाच्या तपासात लातुरात अटक झाली ती जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकांना. त्याआधी २०२१ च्या शेवटी शिक्षक पात्रता परीक्षेचा घोटाळा बाहेर आला आणि पुढच्या वर्षी साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. म्हणजे मुलांना 'कॉपी करू नका' म्हणून सांगण्याची नोकरी मिळवण्यासाठीच माणसं पैसे देऊन गुण वाढवत होती. दरवर्षी दहावी-बारावीच्या वेळी कॉपीमुक्त अभियान येतं, भरारी पथकं फिरतात, कॅमेरे लागतात, शपथा होतात. १९८२ पासून राज्यात परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध कायदा आहे, २०२४ मध्ये केंद्राचाही आला. तरी परीक्षा केंद्राच्या भिंतीवर चढून चिठ्ठ्या फेकणाऱ्या काका-मामांचे फोटो फेब्रुवारी-मार्चच्या पेपरांत येतातच. त्या भिंतीवर चढणारा मामा आपल्या भाच्यावर जीव लावतो, हेही खरं.

दहावीला जे पथक पाठवावं लागतं त्याची सुरुवात कुठे होते? आमच्या मते तिसरी-चौथीत, आणि बऱ्याचदा घरी.

आता पाचवीचं ओझं वाढलंय हेही लक्षात घ्यायला हवं. पूर्वी आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही असा नियम होता. २०१९ मध्ये संसदेनं कायद्यात दुरुस्ती केली. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली, डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रानंही आपल्या शाळांसाठी तोच नियम केला. नापास झालेल्या मुलाला पुन्हा परीक्षा, त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात. दहा वर्षांच्या मुलाच्या कानावर हे घरात, गल्लीत, शिकवणीत सारखं पडतं. आमच्या या मुलाच्या अम्मी विड्या वळतात, अब्बू पुण्यात सेंटरिंगच्या कामावर. अम्मीनं सांगितलं होतं, "फेल हुआ तो मदरसे में भी नहीं डालूंगी, होटल में लगाऊंगी." रागात बोलल्या असतील. पण मुलगा रात्री झोपताना तेच ऐकून झोपतो.

मुलं कॉपी का करतात यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. वर्गात बसून जे दिसतं ते थोडं वेगळं आहे. पहिली-दुसरीच्या मुलाला कॉपी ही चूक आहे हेच मुळात समजत नाही. शेजारच्याची पाटी बघून लिहिणं त्याला पाणी प्यायला मागण्यासारखं वाटतं. आणि त्याला तसं वाटायला आम्हीच शिकवलंय. वर्षभर आम्ही गट पाडतो, "मिळून करा, एकमेकांना मदत करा, ज्याला येतं त्यानं दुसऱ्याला सांगा" म्हणतो. मदत केली की टाळ्या. आणि एके दिवशी अचानक बाक लांब करतो, "कुणी कुणाकडे बघायचं नाही" म्हणतो आणि डोळे वटारतो. काल जी नेकी होती तो आज गुन्हा कसा झाला, हे कुणी सांगतच नाही. दुसरीतल्या एका मुलीनं मैत्रिणीचा पेपर इतका मनापासून उतरवला की वर नावही मैत्रिणीचंच लिहिलं. ती चोर होती का? तिला फक्त पेपर म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

म्हणून आम्ही आता चाचणीच्या आदल्या दिवशी दहा मिनिटं घेतो. मुलांना सांगतो, "उद्या मला तुमचे गुण नको आहेत. तुम्हाला काय येत नाही ते मला शोधायचंय. येत नसेल तिथे 'येत नाही' असं लिहा, ते उत्तर मी बरोबर धरीन." खरंच त्याला अर्धा गुण देतो. सहकारी हसतात. पण या अर्ध्या गुणानं आम्हाला जेवढी माहिती मिळाली तेवढी कुठल्याही ऑनलाइन तक्त्यानं दिली नाही. सव्वीस मुलांच्या वर्गात अकरा जणांनी भागाकाराच्या एकाच उदाहरणासमोर 'नहीं आता' लिहिलं होतं. अकराही जण नालायक नसणार. शिकवणारा कुठे तरी चुकला होता.

तिसरी-चौथीत चित्र बदलतं. इथे मुलाला चूक कळते, पण भीती जास्त मोठी असते. भीतीबद्दल एक अभ्यास आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली या संशोधकांनी २०११ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांमधली तीन-चार वर्षांची मुलं पाहिली. एका शाळेत मारझोड आणि कडक शिक्षा, दुसरीत तसं नाही. मुलाला खेळणं बघू नकोस सांगून एकटं सोडलं. दोन्हीकडे बहुतेक मुलांनी डोकावून बघितलंच. नंतर विचारल्यावर फरक दिसला. मार खाणाऱ्या शाळेतली जवळजवळ सगळी मुलं खोटं बोलली आणि जास्त सफाईनं बोलली. शिक्षेनं मूल खरं बोलायला शिकत नाही, खोटं नीट बोलायला शिकतं. आपल्या मोहल्ल्यांत अजूनही 'हड्डी हमारी, चमडी आपकी' म्हणून मुलाला शाळेत आणि मकतबात सोडणारे वालिदैन आहेत. त्यांनी हे एकदा वाचावं. आम्हा शिक्षकांनी दोनदा.

याच गटाचा २०१४ चा आणखी एक प्रयोग आहे. मुलांना वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या आणि मग ती खरं बोलतात का ते पाहिलं. खोटं बोलून नाक लांब झालेल्या पिनोकिओची गोष्ट, लांडगा आला रे आला ही गोष्ट, यांचा परिणाम झाला नाही. खरं बोलल्याबद्दल मुलाचं कौतुक झालं, अशा गोष्टीचा झाला. आमच्याकडे अशा गोष्टींची काय कमतरता आहे? शेख अब्दुल कादिर जिलानींची गोष्ट उर्दू शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. काफिला लुटला जातो, डाकू विचारतो तुझ्याकडे काय आहे, आणि मुलगा सांगून टाकतो की अम्मीनं कपड्यात चाळीस दीनार शिवून दिलेत. पण आम्ही ती सांगतो आणि लगेच धड्याखालचे प्रश्न लिहून देतो, उत्तरांसकट. मुलं ती उत्तरं पाठ करतात. सच्चाईच्या धड्याची उत्तरं कॉपी करून लिहिलेल्या वह्या आम्ही लाल शाईनं तपासल्या आहेत.

त्या मुलाला आम्ही दुसरी गोष्ट सांगितली. सहीह मुस्लिममध्ये येणारी धान्याच्या ढिगाची हदीस. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात होते. एका दुकानदाराच्या ढिगात त्यांनी हात घातला, तर वरचं धान्य कोरडं आणि आतलं ओलं. दुकानदार म्हणाला, पाऊस लागला. प्रेषितांनी त्याला विचारलं की मग ओलं धान्य वरती का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं. मुलाला ही गोष्ट लगेच समजली, कारण त्याचे मामा मोंढ्यात हमाली करतात, ओली ज्वारी काय असते ते त्यानं हातानं बघितलंय. आम्ही विचारलं, "तुझ्या पेपरात ओलं काय होतं?" तो म्हणाला, "मराठी." मग थोडं थांबून, "आणि वर ठेवलं असतं तर तुम्ही मारलं असतं." या वाक्यावर आम्ही आजही अडतो. ओलं धान्य वरती ठेवायचं असेल तर बाजारात तशी सोय पाहिजे ना!

इथे एक सावधगिरी. आपल्याकडे मुलाला पटकन सांगितलं जातं, "अल्लाह देख रहा है." खरंच आहे ते. पण ज्या सुरात आपण सांगतो त्यात अल्लाह म्हणजे वरचं भरारी पथक होऊन बसतो. रमजानमध्ये बघा. आठ-नऊ वर्षांचं पोर पहिला रोजा धरतं. वजू करताना तोंडात पाणी आहे, उन्हाळा आहे, आसपास कुणी नाही. तरी घोट गिळत नाही. कुठलं पथक असतं तिथे? रोजा त्याचा स्वतःचा असतो, त्यानं हट्टानं धरलेला असतो, संध्याकाळी दस्तरखानावर त्याला जागा असते. परीक्षा मात्र त्याची नसते. ती सरांची, अम्मीची, शेजारच्या आंटीची असते. आम्ही वर्गात हेच विचारलं, "वजूचं पाणी का नाही गिळलं?" मुलांनी उत्तरं दिली ती भीतीची नव्हती. एक जण म्हणाली, "मेरा रोजा है ना सर, खराब हो जाता." पेपरही 'मेरा' कसा होईल, हा आमच्या कामाचा भाग आहे.

आणि आता घराबद्दल, कारण वाचणारे बहुतेक घरचेच आहात.

प्रकल्पाची वही कोण करतं? आमच्या टेबलावर येणारे निम्मे प्रकल्प स्टेशनरीच्या दुकानातले तयार असतात, थर्माकोल कापलेला, चित्रं चिकटवलेली, फक्त नाव घालायचं. उरलेले मोठ्या बहिणीच्या हातचे. आम्ही ते घेतो आणि गुणही देतो, तेव्हा आम्हीही त्यात आलोच. गृहपाठाचे फोटो पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतात, एका घरात सोडवलेलं चाळीस घरांत उतरतं. आता तर मोबाईलला प्रश्न विचारला की तो निबंधच लिहून देतो, तेही इतका सुबक की पाचवीच्या पोरानं 'सांस्कृतिक ऐक्याचे प्रतीक' असं लिहिलेलं आम्हाला वाचावं लागतं. तोंडी विचारलं तर 'प्रतीक' म्हणजे चुलतभावाचा मित्र.

ही झाली उघड कॉपी. त्याहून आतली एक आहे. दारात फायनान्सवाला येतो, अब्बू आतल्या खोलीत असतात, मुलाला पाठवतो, "बोल अब्बू घर पे नहीं." एसटीत कंडक्टर वय विचारतो, बारा पूर्ण झालेलं पोर अकराचं होतं. २५ टक्के कोट्यातल्या प्रवेशासाठी शाळेजवळचा खोटा भाडेकरार होतो आणि मुलाला पढवलं जातं, कुणी विचारलं तर इथेच राहतो म्हण. गरज खरी असते, हे आम्ही नाकारत नाही. चांगल्या शाळेची फी परवडत नाही, हप्ता थकलेला असतो. पण त्या खोट्याचा साक्षीदार आपण सात वर्षांच्या मुलाला करतो. सरकारी यंत्रणाही मागे नाही. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये पटपडताळणी झाली तेव्हा एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावावी लागली होती. गाड्यांत भरून दुसऱ्या शाळेत बसवलेली ती मुलं आज पंचविशीच्या आसपास आहेत. त्यांच्यातले काही आमचे पालक असतील.

अबू दाऊदमध्ये एक लहानशी हदीस आहे. एक आई आपल्या मुलाला बोलावते, ये, तुला काही तरी देते. प्रेषित (स.) विचारतात, काय देणार होतीस? ती म्हणते, खजूर. तेव्हा तिला सांगितलं जातं की काहीच द्यायचं नसतं तर तेवढंही खोट्यात लिहिलं गेलं असतं. किती बारीक हिशोब! आपण "रडू नको, बाजारातून सायकल आणतो" म्हणून मोकळे होतो.

कौतुकाचंही बघायला हवं. २०१७ मध्ये चीनमधल्या तीन आणि पाच वर्षांच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं की "तू किती हुशार आहेस" असं म्हटलेल्या मुलांनी नंतर जास्त फसवलं. "या वेळी छान केलंस" म्हटलेल्यांनी कमी. हुशार म्हटलं की हुशारी टिकवून दाखवावी लागते. आपल्या समाजात एखादं पोर जरा पुढे गेलं की सगळा मोहल्ला त्याला डॉक्टर म्हणायला लागतो. त्या पोराला एखाद्या विषयात पस्तीस पडले तर तो ते कुणाला सांगणार?

त्या मुलाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. आम्ही त्याला आधी एक गोष्ट सांगितली, जी सांगताना घसा कोरडा पडला. "तिसरीत मी फळ्यावर लिहून दिलं ते चूक होतं. तू तेव्हा बरोबर विचारलं होतंस." त्यानं मान वर करून बघितलं, इतकंच. निबंधाचे गुण त्याला दिले नाहीत, हे त्याला आधी समजावून सांगितलं. घरी चिठ्ठी पाठवली नाही. आठवड्यातून दोन दिवस शाळा सुटल्यावर वीस मिनिटं मराठी, एवढं ठरलं. बस स्टँडवरच्या पाट्या, दुकानांची नावं, रॉकेलच्या जुन्या रेशनकार्डावरची अक्षरं, जे मिळेल ते वाचायचं. आणि पुढच्या वर्षी पॅटच्या वेळी फळा कोरा राहील, असं आम्ही बैठकीत सांगून टाकलं. त्याची किंमत टक्केवारीत दिसेल. मुख्याध्यापक काही बोलले नाहीत, हेही आमच्याकडे पुष्कळ झालं.

मार्चअखेरच्या सरावाच्या पेपरात पुन्हा सणाचाच निबंध घातला. त्यानं चार ओळी लिहिल्या. 'मला ईद आवडतो. अब्बू पुण्यातून येते. अम्मी त्या दिवशी विडी वळत नाही. आम्ही शीरखुर्मा खातो आणि अब्बू परत जाते.' लिंगाच्या तीन चुका. पाचपैकी अडीच गुण दिले.

पालकसभेला अम्मी आल्या. दोन्ही पेपर शेजारी ठेवून बराच वेळ बघत होत्या. चिठ्ठीवरून उतरवलेला अर्धा निबंध सुबक होता, हा खाडाखोडीचा. म्हणाल्या, "सर, पहले तो अच्छा लिखता था ना?" आम्ही त्यांना चार ओळी वाचून दाखवल्या, एकेक शब्दाचा अर्थ सांगत. विड्यांच्या ओळीला त्यांनी पदर तोंडाला लावला. मग पेपर घडी करून पिशवीत ठेवू का म्हणून विचारलं. पेपर शाळेच्या दप्तरात ठेवावा लागतो, असं सांगितलं, तर म्हणाल्या, "मग फोटो तरी काढून द्या. त्यांना पाठवते."